कोनदार, भविष्यवेधी डिस्प्ले टाइपफेस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोनदार टाइपफेस कशाला म्हणायचं?

टाइपफेस म्हणजे एकाच ढंगात काढलेला अक्षरांचा संच. ज्यात गोल वळणांच्या जागी सरळ रेषा आणि छाटलेले कोपरे असतात, तो कोनदार. रोमन ‘ओ’ अष्टकोनी होतो, ‘एस’ पाच-सहा सरळ तुकड्यांत मोडतो, ‘सी’ला कोपरे फुटतात. हे सगळे डिस्प्ले वर्गातले टाइपफेस. शीर्षक, पोस्टर, व्हिडिओ गेमचं नाव, संगीताच्या अल्बमचं मुखपृष्ठ अशा ठिकाणी चार-सहा शब्दांपुरते ते वापरायचे असतात. परिच्छेद लावण्यासाठी ते काढलेलेच नसतात. ‘वाचता येत नाही’ अशा निम्म्या तक्रारी एवढं विसरल्यामुळे येतात.

असं अक्षर दिसलं की लगेच अवकाशयान किंवा संगणक का आठवतो?

सवयीमुळे. छाटलेल्या कोपऱ्यात मुळात भविष्य वगैरे काही नसतं. एकेका काळातल्या यंत्रांना गोलाई झेपत नव्हती, म्हणून त्यांची अक्षरं सरळसोट झाली. ती यंत्रं नवलाची होती, म्हणून अक्षरंही नवलाची वाटली. पुढे यंत्रं सुधारली, पण अक्षरांवर बसलेला शिक्का काही पुसला गेला नाही.

याचं सगळ्यात गमतीचं उदाहरण चेकच्या तळाशी आहे. तिथले आकडे चुंबकीय शाईत छापलेले असतात. ई-१३बी नावाच्या त्या संचात दहा अंक आणि चार खुणा, एवढंच आहे; अक्षर एकही नाही. अंकांच्या अंगावर मध्येच जाड गठ्ठे दिसतात, ते शोभेसाठी दिलेले नाहीत. वाचणाऱ्या यंत्राला प्रत्येक अंकाचा चुंबकीय संकेत वेगळा मिळावा म्हणून तिथे शाई जास्त ठेवलेली आहे. १९६०च्या दशकात वेस्टमिन्स्टरसारख्या टाइपफेसनी तेच गठ्ठे ‘ए’पासून ‘झेड’पर्यंत सगळ्यांवर चढवले. ही अक्षरं कुठलंच यंत्र वाचणार नव्हतं, तरी ‘संगणक’ म्हटलं की मुखपृष्ठावर पुढे कित्येक वर्षं तीच झळकत राहिली.

या घराण्यातली जुनी मंडळी कोण?

थेओ फान डूसबर्ग या डच कलावंताने १९१९ मध्ये चौकोनी जाळीवर बसवलेली, एकही वळण नसलेली वर्णमाला काढली. १९३० मध्ये अमेरिकी अक्षररचनाकार मॉरिस फुलर बेंटनचा बँक गॉथिक आला. तो आजही विज्ञानकथांच्या मुखपृष्ठांवर दिसतो आणि त्यात लहान लिपी (a, b, c) नाहीच. १९५२ मध्ये इटलीतल्या तुरीनच्या नेबिओलो फाउंड्रीतून, म्हणजे छपाईची अक्षरं ओतणाऱ्या कारखान्यातून, अलेस्सांद्रो बुत्ती आणि आल्दो नोव्हारेझे यांचा मायक्रोग्रामा आला. १९६२ मध्ये नोव्हारेझेने त्याला लहान लिपी जोडून युरोस्टाइल केला.

पण खरा मूळपुरुष डच रचनाकार विम क्राउवेल. १९६७ मध्ये त्याने ‘न्यू अल्फाबेट’ काढला. तेव्हा कॅथोड-रे नळीवर अक्षरं उमटवणारी टंकजुळणी यंत्रं नुकतीच येत होती आणि त्यांच्यात गोल वळणं तुटक, दातेरी दिसायची. क्राउवेलने प्रश्न उलटा घातला: यंत्राला वळण जमत नसेल तर अक्षरच का बदलू नये? म्हणून त्याने फक्त आडव्या-उभ्या रेषा घेतल्या आणि कोपरे ४५ अंशांत छाटले. सगळी अक्षरं एकाच रुंदीची. मग ‘एम’सारख्या रुंद अक्षराचं काय? तर ‘एन’खाली एक रेघ, झाला ‘एम’. बरीच अक्षरं सांगितल्याशिवाय ओळखू येत नाहीत, आणि हा रोजच्या वापराचा टाइपफेस नसून एक वैचारिक प्रयोग आहे, असंच तो स्वतः म्हणायचा. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०११ मध्ये टाइपफेसचा पहिला मोठा संच संग्रहात घेतला, त्यात तो आहे. आज कोनदार अक्षर काढणारा प्रत्येक जण, कळत असो वा नसो, त्याच्याच प्रश्नाला उत्तर देत असतो. फरक इतकाच की आपल्यावर यंत्राची सक्ती नाही. आपण ती स्वतःहून लादून घेतो, म्हणून जिथे नियमापायी अक्षर बिघडतं तिथे नियम मोडायलाही आपण मोकळे आहोत.

युरोस्टाइल कोनदार म्हणायचा का?

नाही. त्याचे कोपरे छाटलेले नसून जुन्या टीव्हीच्या काचेसारखे फुगीर आहेत. भविष्यवेधी मात्र नक्की. ऑर्बिट्रॉन, मिक्रोमा हे अलीकडचे मोफत टाइपफेसही चौकोनी अक्षरांच्या याच वाटेने जातात.

स्वतः काढायचा आहे. सुरुवात कुठून करू?

आधी तीन गोष्टी ठरवा: रेषेची जाडी, कोपऱ्याचा कोन आणि छाट किती मोठी. कोन शक्यतो एकच ठेवा, फार तर दोन. ४५ अंश सोयीचा पडतो, कारण जाळीवर जेवढं आडवं तेवढंच उभं सरकायचं असतं. ६० अंशांनी अक्षर जास्त धावतं दिसतं, पण मापं पूर्णांकात उरत नाहीत आणि बिंदू जाळीवरून घसरतात.

मग सोपी अक्षरं बाजूला ठेवून अवघड आधी काढा. रोमनमध्ये ‘एस’, ‘के’, ‘आर’, ‘एम’. देवनागरीत ळ, ह, ढ, श. ‘ई’ आणि ‘एच’ कुठल्याही नियमात छान दिसतात, त्यामुळे त्यांच्यावरून काहीच कळत नाही. ‘एस’ बसत नसेल तर नियमातच खोट आहे असं समजा आणि तो आत्ताच बदला. शंभर ग्लिफ, म्हणजे एकेक अक्षररूपं, काढून झाल्यावर बदलणं जिवावर येतं.

सॉफ्टवेअर कुठलंही चालेल. फाँटफोर्ज फुकट आहे. ग्लिफ्स आणि फाँटलॅब विकत मिळतात. या प्रकारात एक सुख आहे. ट्रूटाइप आणि पोस्टस्क्रिप्ट ही फाँट फाइलची दोन स्वरूपं वळणांचं गणित वेगवेगळ्या पद्धतीने मांडतात, पण सरळ रेषा दोन्हीकडे सारखीच. त्यामुळे एका स्वरूपातून दुसऱ्यात नेताना आकार तसूभरही बदलत नाही.

कोपरा छाटला, पण नेमका तिथेच अक्षराला काळा डाग पडल्यासारखा दिसतो. का?

बाहेरचा आणि आतला कोपरा एकाच मापाने छाटल्यामुळे. हा दोष इतका सर्रास दिसतो की जरा सविस्तर सांगतो.

समजा रेषेची जाडी १०० एकक (अक्षर आखायच्या जाळीचं माप) आहे आणि बाहेरचा कोपरा दोन्ही बाजूंनी १२० एकक मोजून ४५ अंशांत छाटला. आतला कोपराही १२०नेच छाटला, तर तिरक्या पट्टीची जाडी १०० राहत नाही, १४१ होते. चाळीस टक्क्यांहून जास्त! हाच तो डाग. याउलट आतला कोपरा छाटलाच नाही, काटकोनात ठेवला, तर तिरकी पट्टी ५७वर येते आणि अक्षर कोपऱ्यात कुरतडल्यासारखं दिसतं.

सगळीकडे जाडी सारखी हवी असेल तर हिशेब असा: बाहेरच्या छाटीतून रेषेच्या जाडीचा ०.५८६ भाग वजा करा. इथे १२०मधून ५८.६ गेले, म्हणजे आतली छाट साधारण ६१. आकडा बसला की डोळ्याने पाहा आणि गरज वाटली तर एक-दोन एकक हलवा. ठळक वजनात, म्हणजे जाड रेषांच्या रूपात, मी आतली छाट या हिशेबापेक्षा किंचित कमी ठेवतो, म्हणजे कोपरा थोडा हलका पडतो आणि पोकळी मोकळी दिसते. बारीक वजनात त्याची गरज नसते.

जाडी सगळीकडे सारखी ठेवली, तरी आडव्या रेषा जाड दिसतात.

डोळ्यांचा स्वभावच तसा आहे. आडवी रेषा उभीपेक्षा थोडी बारीक ठेवली की दोन्ही सारख्या दिसतात. ‘हा तर भौमितिक टाइपफेस, इथे सगळं मोजूनमापून हवं’ असा हट्ट धरणाऱ्यांची अक्षरं मोजायला बरोबर आणि बघायला चूक निघतात.

‘ए’मधली आडवी रेघ काढून टाकली तर जास्त आधुनिक दिसेल ना?

दिसेल, आणि हजारो लोगोंसारखंही दिसेल. १९७५ मध्ये डॅन अँड ब्लॅकबर्न या संस्थेने नासासाठी केलेल्या लाल अक्षरचिन्हात दोन्ही ‘ए’ बिनरेघेचे होते. ते १९९२ मध्ये बाजूला पडलं आणि २०२० मध्ये परत आलं. तिथे ही युक्ती चालते कारण शब्द चार अक्षरांचा आणि सगळ्यांना तोंडपाठ आहे. अनोळखी नावात बिनरेघेचा ‘ए’ आणि तीन आडव्या पट्ट्यांचा ‘ई’ एकत्र आले की वाचणारा अडखळतो. एका शब्दात अशी एकच गंमत पुरे.

आणखी एक: हा परिणाम साधायला मजकुरात ग्रीक लॅम्डा (Λ) किंवा क्साय (Ξ) टाइप करू नका. स्क्रीन रीडर, म्हणजे दृष्टिहीनांना पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, ते अक्षर ग्रीक म्हणूनच वाचतो आणि नाव शोधणाऱ्याला सापडत नाही. पर्यायी ग्लिफ टाइपफेसच्या आत ठेवायचा आणि ओपनटाइप या फाँटच्या प्रचलित स्वरूपातल्या सोयीने चालू-बंद करायचा.

कोणती अक्षरं एकमेकांत मिसळतात?

रोमनमध्ये ‘ओ’, ‘डी’ आणि शून्य. ‘एस’ आणि ५. ‘बी’ आणि ८. ‘झेड’ आणि २. ‘यू’ आणि ‘व्ही’. पहिल्या त्रिकुटावर साधा उपाय: ‘डी’चे डावीकडचे कोपरे छाटायचे नाहीत, ‘ओ’चे चारही छाटायचे आणि शून्य अरुंद करून त्यात तिरकी रेघ द्यायची. ‘बी’लाही तोच न्याय, डावी बाजू काटकोनात. सगळे कोपरे सारखे छाटण्याचा मोह इथे आवरावा लागतो.

देवनागरीत हे जमतं का?

जमतं, पण रोमनचे नियम जसेच्या तसे उचलून नाही. रोमनच्या मोठ्या लिपीतली बरीच अक्षरं आधीच सरळ रेषांची आहेत. देवनागरीची वळणं बोरूच्या काटातून आली, आणि अक्षराची ओळख पुष्कळदा त्या वळणात किंवा गाठीतच असते. ती सरळ केली की शेजारची दोन अक्षरं एकच होऊन बसतात.

शिरोरेषा आणि दंड तर सरळच आहेत, ही जमेची बाजू. बिनदंडाच्या ट, ठ, ड, ढ, द, ह यांच्यापाशी मात्र कस लागतो. ठ चौकटीत सहज बसतो. ढ त्याच चौकटीत बसवला तर आतला वळलेला तुकडा ठळक वजनात भरून येतो आणि ‘ढग’ ‘ठग’ होतो. ढची आतली मोकळी जागा रेषेच्या निम्म्या जाडीहून कमी होऊ देऊ नका. जागा पुरत नसेल तर अक्षर रुंद करा. सगळी अक्षरं एका रुंदीची असलीच पाहिजेत असं काही नाही.

घ-ध आणि म-भ या जोड्यांत मुख्य फरक शिरोरेषेतल्या फटीचा. कोनदार अक्षरात गाठीला चौकोन येतो आणि फट अगदी बारीक उरते. लहान आकारात ती बुजली की ‘धन’चा ‘घन’. फट सढळ हाताने द्या आणि ध-भच्या गाठीला शिरोरेषेपासून थोडं खाली उतरवा. ब आणि ष यांच्या पोटातली तिरकी रेघ इतर रेषांपेक्षा स्पष्टपणे बारीक हवी, नाहीतर पोट काळं होतं.

ऱ्हस्व वेलांटी म्हणजे दंडावरून अक्षरावर गेलेलं छप्पर. ‘ति’वर ते लहान लागतं, ‘कि’वर मोठं, जोडाक्षरावर त्याहून मोठं. गोल वेलांटी थोडी आखूड पडली तर खपून जाते. कोनदार छपराची कड भलत्याच जागी संपली की लगेच टोचते. म्हणून तिची चार-पाच रुंदींची रूपं काढून अक्षरानुसार आपोआप बदलण्याची सोय ठेवावी.

मराठीसाठी केलेल्या टाइपफेसमध्ये ल आणि श मराठी वळणाचे हवेत. ओपनटाइपमध्ये मराठीसाठी वेगळी भाषाखूण आहे. वेब पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवली आणि टाइपफेसमध्ये ती रूपं असली, तर ती आपोआप येतात. ‘दुसऱ्या’ आणि ‘कुऱ्हाड’ यांतला अर्धा र तपासायला विसरू नका. कित्येक डिस्प्ले टाइपफेस तिथेच गडबडतात. माझी चाचणीची ओळ अशी: ‘कुऱ्हाड, शृंखला, द्वंद्व, धबधबा, ढगाळ, ठळक, ॲल्युमिनियम’. एवढं नीट उमटलं तर बाकीचं सहसा उमटतं.

तयार हवं असेल तर इंडियन टाइप फाउंड्रीचे राजधानी, तेको आणि खंड पाहा. तिघांत देवनागरी आणि रोमन दोन्ही आहेत आणि तिन्ही मुक्त परवान्यावर मिळतात. राजधानी चौकोनी बांध्याचा, तांत्रिक चेहऱ्याचा आहे, कोपरे मात्र गोलसर. धारदार छाटलेला कोपरा हवा असेल तर तो तुम्हालाच काढावा लागेल.

अनुस्वाराचा ठिपका चौकोनी की चौकटच्या पत्त्यासारखा उभा?

दोन्ही चालतात. उभा केलात तर मोठा काढा. चौकोनाच्या बाजूइतकाच कर्ण घेतला तर क्षेत्रफळ निम्मंच भरतं आणि ठिपका हरवल्यासारखा दिसतो. मात्रेजवळ मात्र उभा ठिपका जास्त सुटसुटीत दिसतो, म्हणून मी तोच निवडतो.

कमीत कमी किती आकारात वापरावा?

छाटलेला कोपरा किती पिक्सेलचा होतो ते मोजा. अक्षराची चौकट १००० एककांची आणि छाट ६० एककांची असेल, तर १६ पिक्सेल आकारात ती छाट एका पिक्सेललाही पुरत नाही. तिथे फक्त करडा धुरळा दिसतो. ६४ पिक्सेलला तीच छाट जवळजवळ चार पिक्सेलची होते आणि कोन नजरेत भरतो. छाट तीन पिक्सेलच्या खाली गेली की दुसरा टाइपफेस घ्या. छपाईत एवढी अडचण येत नाही, पण व्हिजिटिंग कार्डवरचा पत्ता कोनदार अक्षरात लावणाऱ्यांची मला आजही कमाल वाटते.

अक्षरांमधलं अंतर वाढवू का?

रोमन मोठ्या लिपीत वाढवा. पाच ते दहा टक्के अंतराने भविष्यवेधी रूप आणखी खुलतं. देवनागरीत अजिबात नको. शिरोरेषा जागोजागी तुटते आणि शब्दाऐवजी सुटी अक्षरं दिसू लागतात. द्विभाषिक शीर्षकात ही चूक हमखास होते, कारण दोन्ही ओळींना एकच सेटिंग लावलेलं असतं.

जागेत बसवायला अक्षर आडवं ताणलं तर चालेल?

नको. १३० टक्के ताणलं की उभ्या रेषा ३० टक्क्यांनी जाड होतात, आडव्या तशाच राहतात आणि ४५ अंशांचा कोन साधारण ३८वर येतो. गोल टाइपफेसमध्ये हे थोडंफार लपतं, इथे पहिल्या नजरेत कळतं. रुंद रूप हवं असेल तर ते वेगळं काढलेलं हवं, किंवा व्हेरिएबल टाइपफेस वापरा, म्हणजे ज्यात एकाच फाइलमध्ये रुंदी आणि जाडी हवी तशी बदलता येते. हे तंत्र २०१६ मध्ये ओपनटाइपमध्ये आलं आणि कोनदार अक्षरांना ते फार मानवतं. दोन्ही टोकांच्या रूपांत छाट ४५ अंशांची असेल तर मधल्या प्रत्येक रुंदीला ती ४५चीच राहते.

सोबत मजकुरासाठी काय घ्यावं?

साधा, शांत, बिनटोकांचा (रेषांच्या टोकांना शेपट्या नसलेला) टाइपफेस. दुसरा भविष्यवेधी नको.

चमक, धातूचा पोत, निऑनची झळाळी?

एक काहीतरी घ्या. अक्षराचा आकारच पुरेसा बोलका असतो, त्यावर क्रोम चढवलं की छाटलेले कोपरे, म्हणजे ज्यासाठी हा टाइपफेस घेतला तेच, झाकले जातात. आणि झळाळीच्या नादात रंगांतला फरक घालवू नका. वेबवरच्या सुगम्यतेच्या निकषांत मोठ्या अक्षरांना निदान ३:१ आणि साध्या मजकुराला ४.५:१ एवढा फरक मागितला आहे.

लाकूड, ॲक्रिलिक, पत्रा यांत कापून घ्यायचा आहे. चालेल का?

लेझरने कापलं तर सुरेख येतो. राउटरने कापताना मात्र आतला कोपरा धारदार येत नाही, कारण फिरणारं पातं गोल असतं. ६ मिलिमीटर व्यासाच्या पात्याने आत ३ मिलिमीटरची गोलाई राहतेच. अक्षर मोठं करा, नाहीतर बारीक पातं मागा. आरपार स्टेन्सिल करायचं असेल तर ठ, ब, व यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो. त्याला धरून ठेवणारे पूल आधीच काढून ठेवा, आणि ते छाटीच्याच कोनात काढले तर मुद्दाम जोडल्यासारखे वाटत नाहीत.

वेबसाइटवर टाकताना काय पाहावं?

वॉफ-२ (WOFF2) या वेबसाठीच्या फाँट स्वरूपातली फाइल द्या, ती सगळ्यात लहान असते. फक्त शीर्षकापुरता वापर असेल तर लागणारीच अक्षरं ठेवून फाइल आणखी छोटी करता येते. पण देवनागरीत अक्षरं गाळताना जोडाक्षरांचे ग्लिफ आणि ती जुळवणारे नियम उडाले नाहीत ना, ते पाहा. ते उडाले की ‘द्वंद्व’ हलंत चिन्हांसकट सुटं सुटं उभं राहतं.

टाइपफेस मोफत आहे. मग लोगोत वापरला तर हरकत नाही ना?

परवाना वाचा. सिल ओपन फाँट लायसन्स हा फाँटसाठीचा मुक्त परवाना असेल तर व्यावसायिक कामात, लोगोत, छापील मालावर खुशाल वापरा. त्यात बदलही करता येतो, मात्र बदललेला टाइपफेस त्याच परवान्याखाली द्यावा लागतो, मूळ नाव राखीव असेल तर ते वापरता येत नाही आणि नुसती फाँट फाइल विकता येत नाही. ‘वैयक्तिक वापरासाठी मोफत’ असं लिहिलेलं असेल तर ग्राहकाचं काम त्यात बसत नाही, ग्राहक ओळखीचा असला तरी.